हाडातलं बी

सगळा घोळ 'बी' या एका अक्षराचा, आणि ते अक्षर निघालं श्रीधर सरांच्या तोंडून. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, पण सोपं करून सांगायची खोड काही निवृत्त झाली नाही. म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात ते पेशंटांना डॉक्टरांचं बोलणं मराठीत करून सांगत.

समोर कन्नड तालुक्यातला मेंढपाळ सोनाजी. त्याच्या बहिणीच्या, बानाबाईच्या, हाडांत रक्त तयार होणंच थांबलं होतं. तिच्याशी मूळपेशी जुळत होत्या त्या एकट्या भावाच्या. 'मूळपेशी' म्हणताच त्याचा चेहरा कोरा. सर म्हणाले, "अरे, बी रे! तुझं थोडं बी काढायचं, बानाबाईच्या हाडात पेरायचं."

सोनाजी पांढराफटक. बी काढतात ते मेंढ्याचं. त्यानं स्वतःच्या हातानं कैक मेंढे खच्ची केले होते. आणि इथं पस्तिशी उलटल्यावर कसंबसं लग्न ठरलेलं.

"समदं काढनार?"

"छे! थोडंच. उरलेलं परत वाढतं."

त्यानं दाराच्या काचेतून बहिणीकडं पाहिलं. "काढा मंग. भैन जगली पायजे."

आधी सुया टोचल्या. मग रक्त एका हातातून यंत्रात गेलं, तिथं त्यातलं बी गाळून घेतलं, उरलेलं दुसऱ्या हातात परत आलं. तेव्हा कुठं त्याला कळलं, बी कुठलं ते! तो आणि सर पोट धरून हसले. बानाबाईच्या हाडांनी बी धरलं, ती जगली.

पण तो शब्द तोवर गावी पोचला होता. पारावरून हाळी यायची, "सोनाजी, आता कळपात बिनघोर झोप, मेंढ्यांना कायबी भ्या नाय!" होणारे सासरे कडुबा सोयरीक मोडायला निघाले, तेव्हा सर स्वतः त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"कडुबा, हे बी हाडातलं. एरवी ते झोपलेलंच असतं. रक्त कमी पडलं की शरीर हुकूम सोडतं, मग थोडं उठतं, वाढतं. भरती झाली की पुन्हा गप्प. सगळं एकदम उठलं तर साठाच संपायचा! सोनाजीचं तर आम्ही सुया टोचून उठवलं."

कडुबानं तंबाखू थुंकली. "म्हंजी सुई टोचल्याबिगर उठत नाय?"

ओसरी खदखदली. दाराआडची नवरी मुलगी आत निघून गेली.

परतताना सरांना सोनाजी रस्त्यात मेंढ्या हाकताना भेटला. बातमी सरांच्या आधी त्याच्या कानावर गेलेली. सर खाकरले. "मी पुन्हा जातो रे. नीट समजावून सांगतो."

"तुमी नीट समजावलं म्हनूनच लगीन मोडलं, सर."