अच्युतरावांचा मका

फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर अच्युतरावांना शहरातल्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात करमेना. आयुष्यभर लेथ मशीनवर उभं राहिलेला माणूस. हाताला काम नसलं की जीव कासावीस व्हायचा. शेवटी त्यांनी बरेला गावाच्या वाटेवरचं, वर्षानुवर्षं दुसऱ्याला कसायला दिलेलं आपलं शेत परत घेतलं आणि रब्बीत मका पेरला.

मका गुडघ्याएवढा झाला आणि खालची पानं पिवळी पडू लागली. टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने पिवळेपणा आत सरकत होता. अच्युतरावांनी युरिया फेकला आणि तो मुरावा म्हणून पंप सुरू केला. पानं पिवळीच. पुन्हा युरिया, पुन्हा पाणी. रोज सकाळी स्कूटर काढायची, बांधावर येरझारा घालायच्या आणि काहीतरी केल्याशिवाय परतायचं नाही.

शेजारच्या शेतातला शालिग्राम एकदा म्हणाला, "बाबूजी, खेत को सूखने तो दो."

"पीक पिवळं पडून राहिलं आणि मी बघत बसू?" अच्युतराव चिडून मराठीतच बोलले.

शैलजाबाईंना नवऱ्याची ही तगमग पाहवेना. त्यांनी आपल्या भाचीला, समिधाला, बोलावलं. ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होती. तिने गिरमिटाने वरची आणि खोलवरची माती वेगवेगळी काढून नेली आणि चार दिवसांनी निकाल घेऊनच आली.

"काका, खत कमी नाही पडलं. तुमच्या पाण्यानं ते मुळांच्या खाली वाहून गेलं. वरच्या मातीत नत्र नाहीच, खाली साचलंय. शिवाय काळी जमीन अशी चिंब राहिली की मुळं गुदमरतात, आणि थोडं नत्र हवेत उडून जातं."

"म्हणजे मीच धुतलं ते?"

समिधाने मान डोलावली. मग म्हणाली, "आता वाफसा येईपर्यंत पंपाला हात लावू नका. माती मुठीत दाबून बघा. गोळा बोट लावताच फुटला, की वाफसा आला. मग थोडा युरिया, हलकं पाणी. उरलेला युरिया तुरा यायच्या वेळी."

ते दिवस अच्युतरावांना जड गेले. त्यांनी घरातले सगळे नळ खोलून पुन्हा बसवले. धड चालणारा पंखाही उतरवला.

"काहून असं करून राहिले तुम्ही?" शैलजाबाई वैतागल्या. "शेत कुठं पळून नाही चाललं!"

एका दुपारी न राहवून ते शेतावर गेलेच. उन्हात पानं सुरळी होऊन बसली होती. त्यांचा हात पंपाच्या बटणावर गेला. मग खाली बसून त्यांनी वीतभर खणलं आणि माती मुठीत दाबली. गोळा चिकट होता, बोटाने दाबला तरी फुटेना. आत ओल होती. ते तसेच, हात न धुता, स्कूटरवर बसले आणि भरधाव घरी आले, थांबलो तर पुन्हा वळू या भीतीने.

वाफसा आला, तेव्हा त्यांनी समिधाने सांगितलं तेवढंच केलं. उताराकडचा मका सावरला, नवी पानं गर्द हिरवी निघाली. पंपाजवळचा, सर्वांत जास्त पाणी प्यालेला तुकडा मात्र गेला तो गेलाच. तिथली कणसं बोटाएवढी, निम्मे दाणे रिकामे. ती अच्युतरावांनी एकट्यानेच सोलली.

कापणीनंतर समिधाने पुन्हा माती तपासली. जमीन दमली होती. तिने तिथे मूग पेरायला सांगितला, मक्याची ताटं न जाळता मातीत गाडायला सांगितली.

"आणि पाणी?" अच्युतरावांनी विचारलं.

"माती मागेल तेव्हा."

ते मान हलवून उठले, चपला घातल्या आणि शैलजाबाईंनी चहा पुढे करायच्या आत मुगाचं बियाणं बघायला बाहेर पडले.