गादीवालीची चिंधी

“घाबरली आणि पडली.” एवढ्या तीन शब्दांत लोकांनी तिचा निकाल लावून टाकला. म्हणणाऱ्यांपैकी एक तरी मोटरसायकल घेऊन रॅम्पसमोर उभा राहिला होता का? नाव नको. सगळे खुर्च्यांत बसले होते, हातात थंड बाटल्या होत्या. पण मत द्यायला कुठे खाली उतरावं लागतं!

तिला सगळे गादीवाली म्हणत. आधी हिणवून म्हणत, मग सवयीने, आणि पुढे पुढे कौतुकाने. तिच्या घरचं मोटरसायकलींच्या सीटा बनवायचं दुकान. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये कुरकुरणारा लाकडी जिना. वडील गेल्यावर आई जाड सुईच्या मशीनवर बसली आणि लेकीने फोम कापायची सुरी हातात घेतली. चिकटवायच्या सोल्युशनचा वास त्या घरातल्या कपड्यांना, उशांना, अगदी पाण्याच्या तांब्यालाही येई. आई रेक्झिन डोळे मिटून ओळखे. दोन बोटांत धरायची, चुरगळायची आणि म्हणायची, “हे फाटेल,” नाहीतर “हे तुला-मला पुरून उरेल.”

समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रीने एकदा मातीत पळवायची मोटरसायकल आणली, तिची सीट पार उसवली होती. गादीवालीने फोम तासून नवी सीट बसवली आणि विचारलं, “काका, उंची बघायला एक चक्कर मारू?”

“कोपऱ्यापर्यंत जा आणि परत ये, पोरी.”

ती कोपऱ्यापर्यंत गेली, तिथून थेट खाणीच्या मोकळ्या मैदानात गेली आणि परत आली तेव्हा नखशिखान्त चिखल झाला होता. मिस्त्री बोलायला तोंड उघडतोय तोच ती म्हणाली, “काका, ही उडते!” मिस्त्रीने कपाळावर हात मारला. पण दर सुट्टीला गाडी तोच काढून द्यायला लागला.

तिथून मोटोक्रॉस सुरू झालं. मातीचे उंचवटे, खड्डे, चिखल आणि त्यातून धडपडत पळणाऱ्या गाड्या, अशी ती शर्यत. पहिल्या शर्यतीत ती पहिल्या वळणावर पडली, दुसऱ्या वळणावर पडली, आणि तिसऱ्या वळणावर पडली नाही, कारण तिथवर ती पोचलीच नाही. शेजारच्या बायांनी नाकं मुरडली. आईने चिखलाची पँट बादलीत बुडवताना मनातला सगळा राग त्या पँटवर काढला. “हातपाय मोडून घे एकदा, म्हणजे सुटलीस,” ती म्हणायची, आणि पुढच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तीच पँट धुऊन, गुडघ्याला जाड ठिगळ लावून, घडी करून ठेवायची.

गादीवाली चिकाटीची होती. पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी आवळायची, नजर चाकाकडे न ठेवता जिथे जायचंय तिथे ठेवायची, हे तिने पडून पडून अंगात मुरवलं. एका मोसमात तर तिने निम्म्याहून जास्त पुरुषांना मागे टाकलं. बक्षीस समारंभात तिला स्टेजवर बोलावलं आणि ‘उत्कृष्ट महिला स्पर्धक’ म्हणून हातात काय दिलं? मिक्सर! महिला ती एकटीच होती, तेव्हा उत्कृष्ट असायला वेगळे कष्ट पडले नव्हते. तिने ज्यांना मागे टाकलं त्यांच्याबद्दल माइकवाला चकार शब्द बोलला नाही.

घरी आईचा चेहरा खुलला. “चला, काहीतरी कामाचं आणलंस.”

“आई, माझ्या मागे राहिलेल्यांनापण बक्षीस मिळालं.”

“त्यांना काय दिलं?”

“हेल्मेट.”

 आईने मिक्सरचं खोकं ओल्या फडक्याने पुसलं आणि कपाटावर टाकलं. ते अजून तिथेच आहे, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही.

पण शर्यतीत तिचं मन रमेना. उंचवटा आला की शहाणा रायडर गाडी जमिनीलगत ठेवतो, हवेत वेळ जातो म्हणून. ही मात्र मुद्दाम वर जायची. मिस्त्री वैतागायचा, “अगं, शर्यत खाली आहे, तू वर काय शोधतेस?” तिला ते सांगता यायचं नाही. वर गेलं की क्षणभर कुणाचं काही ऐकू येत नसे, एवढं तिला माहीत होतं. शेवटी तिने शर्यती सोडल्या आणि फ्रीस्टाइलमध्ये गेली. रॅम्पवरून उडायचं, हवेत हात सोडायचे, पाय सोडायचे, गाडीसकट उलटी कोलांटी मारायची आणि समोरच्या उतरत्या रॅम्पवर चाकं टेकवायची.

कोलांटी शिकायला फोमचा खड्डा लागतो. बाकीच्यांना तो मिळवायला कोण यातायात पडली असती. हिच्या घरात फोमचे तुकडे पोत्यांनी पडलेले. वडिलांच्या वेळचेसुद्धा! शहरातल्या सगळ्या सीटवाल्यांकडून तिने उरलेसुरले तुकडे मागून आणले, खाणीच्या जुन्या शेडमध्ये खड्डा भरला, वेल्डरकडून रॅम्प जोडून घेतला. ज्यांनी तिला गादीवाली म्हणून हिणवलं होतं, तेच एकेक करून हेल्मेट हातात घेऊन दारात उभे राहिले. “आम्हीपण शिकू का?” तिने कुणालाच नाही म्हटलं नाही. माझ्यासारख्याने चार जणांना तरी पिटाळलं असतं.

त्या खड्ड्यात ती किती वेळा डोक्यावर पडली याचा हिशोब नाही. हँडल ओढायचं, डोकं मागे टाकायचं आणि जमीन दिसेपर्यंत काहीही सोडायचं नाही. खड्ड्यात कोलांटी जमायला लागली, पण मिस्त्री म्हणायचा, “फोम सगळं माफ करतो, पोरी. माती नाही करणार.” आणि मातीपेक्षाही वाईट वारा. कोलांटीत गाडी उलटी लटकलेली असताना आडवा वारा आला तर तो गाडीला सरळ बाजूला ढकलतो, आणि खालचा रॅम्प काही तिच्यामागे सरकत येत नाही.

म्हणून तिने चिंधी लावायची पद्धत पाडली. आईच्या मशीनखाली पडलेली पातळ अस्तराची पट्टी ती उतरत्या रॅम्पच्या माथ्यावरच्या खांबाला बांधायची. चिंधी लोंबत असली की उडायचं. चिंधी आडवी झाली की कुणीही उडायचं नाही, आणि कुणी कुणाला भित्रा म्हणायचं नाही. हळूहळू सगळ्यांनीच ते अंगवळणी पाडून घेतलं. रॅम्पसमोर आलं की पहिली नजर खांबाकडे. तिथे जे लटकलंय ते स्थिर, म्हणजे वारा स्थिर.

मग तो मोठा शो आला. स्टेडियम, पडदे, कर्णे, आणि गादीवालीची मातीवरची पहिली कोलांटी. स्टेडियमच्या भिंतीवर तिचा फोटोसुद्धा लागला. आयोजक हसतमुख माणूस. दात एवढे दाखवायचा की डोळ्यांकडे लक्षच जाऊ नये. शोच्या दुपारी ती मैदानात आली तर खांबावर तिने बांधलेली चिंधी नाही. तिथे आयोजकाच्या कंपनीचा मोठा लाल झेंडा.

“चिंधी कुठे गेली?”

“काढली. फोटोत कसं दिसतं ते? झेंडा आहे ना, तोच बघ.”

ते तिला पटलं नाही. पण कर्णे सुरू झाले होते, तिचं नाव पुकारलं जात होतं. ती गाडीवर बसली, हेल्मेटची काच खाली केली आणि सवयीप्रमाणे खांबाकडे पाहिलं. झेंडा शांत लोंबत होता. वाऱ्याचं नावही नाही असा. तिने गाडी सोडली.

वर जाईपर्यंत सगळं बरोबर होतं. डोकं मागे गेलं, आकाश गेलं, माणसं उलटी झाली, जमीन दिसली. पण जमीन जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. कुणीतरी खांद्याने ढकलावं तशी गाडी बाजूला सरकली होती. मागचं चाक रॅम्पच्या कडेवर आपटलं आणि पुढचं तिला नीट आठवत नाही.

खांद्याचं हाड मोडलं, बरगड्यांना तडे गेले. आणि ती अजून स्ट्रेचरवर होती तेव्हाच माइकवर आवाज घुमला, “दुर्दैवाने आमच्या ताईंचा आत्मविश्वास ऐनवेळी डळमळला!” त्या माणसाला कुणी सांगितलं होतं तिच्या आत्मविश्वासाचं? खुर्च्यांमधून उत्तर आलं, “घाबरली.” बास, तेच चिकटलं.

दवाखान्यात आई आली ती दातओठ खातच. “मी सांगत होते! मी सांगत होते ना!” लेक डोळे मिटून पडली होती. तिलाही आता लोकांचंच खरं वाटायला लागलं होतं. झेंडा शांत होता, वारा नव्हता, म्हणजे चूक आपलीच. आपणच हँडल उशिरा ओढलं असणार, आपणच घाबरलो असणार. हाडापेक्षा तेच जास्त ठणकत होतं.

पलंगाखाली लाल कापडाचा गोळा पडला होता. तिला उचलून आणताना अंगाखाली घालायला मैदानावर हाताशी काहीतरी हवं होतं, म्हणून कुणीतरी खांबावरचा झेंडाच ओढून काढला होता. आईने तो घडी करायला उचलला आणि तिचा हात थांबला. तिने कड दोन बोटांत धरली, चुरगळली, खालची दुमड चाचपली. दुमडीत सळई होती.

“हे काय होतं?”

“झेंडा. खांबावरचा.”

“झेंडा?” आईचा आवाज चढला. “अगं, हे सीटचं रेक्झिन आहे! डबल अस्तराचं! आणि वर सळई घातलीय! हे वादळात तरी हलेल का?”

लेकीने डोळे उघडले. “मग मी खांबाकडे बघून...”

“तू बरोबर बघितलंस. ज्याने हे लावलं त्याने तुला खड्ड्यात घातलं.”

दवाखान्यात आल्यापासून आई रडली नव्हती. ती आत्ता रडली, रागाने, झेंडा मुठीत धरून.

झेंडा असा का केला, तेही पुढे कळलं. आयोजक स्वतःच सांगून गेला, आणि तेही दुकानात खुर्ची ओढून बसून. “काकू, पातळ कापड फडफडतं हो, नाव वाचता येत नाही. म्हणून जाड करून घेतला.” त्याला यात काही गैर वाटलंच नाही! तो आला होता वेगळ्याच कामाला. गादीवालीने कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलायची होती, चूक माझीच होती म्हणून. मग पुढच्या शोमध्ये तिची जागा पक्की.

गादीवालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खांदा पट्ट्यात होता तरी ती उभी राहिली. “चूक माझी होती. मी तुमचा झेंडा बघितला. हे बोलू?”

तो हसत हसत उठला आणि निघून गेला. पण बाकीच्या रायडरांपर्यंत गोष्ट गेली होती. रेक्झिनची ती कड प्रत्येकाने हातात धरून पाहिली. त्यांनी आयोजकाला निरोप धाडला: गादीवाली नाही आणि चिंधी नाही, तर आम्हीही नाही. चांगलं केलं. पण झेंडा त्या दिवशीही त्यांच्या डोळ्यांसमोरच होता, आणि तेव्हा सगळे मूग गिळून बसले होते, हेही लिहून ठेवायला हवं.

आयोजकाला रायडरांचं ऐकावं लागलं. इकडे हाड जुळलं. खाणीतल्या खड्ड्यात पुन्हा पडणं-उठणं सुरू झालं. पुढच्या शोच्या आधी एका सकाळी ती खाली आली तर आई मशीनवर, आणि मशीनखाली लाल रेक्झिन. आईने तिच्या गाडीची नवी सीट शिवली होती. आयोजकाच्या कंपनीचं नाव बरोबर मधोमध, बसायच्या जागी.

“आई!”

“माल चांगला आहे,” आई दोरा तोडत म्हणाली. “वाया कशाला घालवायचा?”

त्या शोला आई पहिल्यांदाच आली. खुर्चीत बसली नाही. सरळ उतरत्या रॅम्पशी गेली, मिस्त्रीला शिडी धरायला लावली आणि खांबाला स्वतःच्या हाताने चिंधी बांधली. गादीवाली रॅम्पसमोर आली तेव्हा चिंधी आडवी झाली होती. तिने इंजिन बंद केलं.

शिट्ट्या सुरू झाल्या. “पुन्हा घाबरली!” आयोजक धावत आईपाशी आला. “काकू, लोक ओरडताहेत. सांगा हो तिला!”

“चिंधी खाली आली की जाईल ती,” आई म्हणाली. “तोवर बसा. नाहीतर तुम्ही जा गाडीवर. सीट तुमच्याच नावाची आहे.”

तो गेला नाही. लोक ओरडले, मग कंटाळले, मग गप्प झाले. ती तशीच बसून होती, हात हँडलवर, नजर खांबावर. बऱ्याच वेळाने वारा पडला. चिंधी डुलली, एकदा परत उचलली गेली आणि मग सरळ लोंबली. गादीवालीने किक मारली.

ती वर गेली, उलटी झाली, फिरली आणि दोन्ही चाकं रॅम्पवर मधोमध टेकली. सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. ती गाडी वळवून आईपाशी आली, हेल्मेट काढलं आणि धापा टाकत विचारलं, “बघितलंस?”

“नाही,” आई म्हणाली. तिची मान अजून वरच होती. “मी चिंधीकडे बघत होते.”