मांगं पाय

"मिस्तरी! यह एरियल है कि चूहे की पूँछ?" ठेकेदारसाहेब जीपमध्ये असा ओरडला, की तिरोडीच्या खाणीतले सुरुंग दोन मिनिटं लाजून गप्प बसले असतील. "दो महीने बिठाके रखा, और गाना कहाँ है?"

रेडिओतून नुसती खरखर. तव्यावर कोणी वीट घासून राह्यलं जणू.

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, भूतबित मी मानत नाही. बालाघाटात माझं गॅरेज स्मशानाच्या वाटेवर होतं. तीस वर्षांत एकाही भुतानं येऊन साधा पाना मागितला नाही! तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा... पण सगळं वाचून हसा.

गोष्ट सत्तर सालच्या आधीची. साहेबाची जीप लढाईतली, लिलावात घेतलेली. स्टिअरिंग डावीकडे, दारं नाहीतच, आणि उजवीकडे वळायचा तिचा विचार पक्का व्हायला अर्धा फर्लांग लागायचा. तिच्यात साहेबानं रेडिओ बसवून घेतला होता. अख्ख्या जिल्ह्यात गाणारी गाडी ही एकच, असं तो सांगे; मी त्यात शेजारचे दोन जिल्हे घालून सांगत असे.

मोहाच्या एका फांदीनं एरियल मोडलं. नवं नागपूरहून यायचं होतं, पण साहेबाला धीर कुठला? त्यानं शोध लावला: तुटकी तार माणसानं हातात धरली की गाणं साफ ऐकू येतं. झालं! आमच्या सोमा क्लीनरला मागच्या बंपरवर उभं केलं. एका हातानं टपाची दांडी धरायची, दुसऱ्या हातात तार, आणि तो हात आभाळाकडे. सोमा खैरलांजीकडचा, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. हात जरा खाली आला की साहेब ओरडे, "ऊपर, एरियल, ऊपर!" पुढं नावच पडलं त्याचं... एरियल. सगळे हसायचे. मी तर सगळ्यात जास्त.

एका दुपारी जीप खड्ड्यात उसळली, सोमा पडला. मागून ट्रक येत होता. दोन्ही पाय गेले. संध्याकाळी तोही गेला.

साहेबानं गावभर सांगितलं, "पीके खड़ा था।" अहो, सोमा खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घ्यायचा! त्याची बायको गॅरेजवर आली. म्हणाली, "मिस्तरी, खरं सांगा. पेऊन होते काय ते?"

मी म्हणालो, "मी नव्हतो बाई तिथं."

होतो. मागच्या सीटवर, त्याच्यापासून हातभर.

तर दोन महिन्यांनी नवं एरियल आलं. कागदात गुंडाळलेलं, कोरं करकरीत. मडगार्डला भोक पाडून, खाली ट्यूबच्या रबराचा वायसर घालून मी ते बसवलं. साहेब म्हणाला, चलो, तिरोडीपर्यंत वाजवून बघू. ड्रायव्हर उरकुडा, त्याच्या उजवीकडे साहेब, मागं मी. जाताना खरखर, येताना खरखर. खाणीखालच्या उतारावर साहेबाचं डोकं फिरलं. त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि वर सांगितलेली आरडाओरड सुरू झाली.

तेवढ्यात खरखर थांबली.

"मांगं पाय... मांगं पाय..."

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगतो. मागे पाहा, एवढाच त्याचा अर्थ. उरकुडा गाडी रिव्हर्स घ्यायचा तेव्हा सोमा मागं उभा राहून हेच ओरडायचा. तोच हेल... आणि शेवटी तोच तंबाखूचा ठसका.

उरकुड्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मिस्तरी, हा तं..."

"ऐकलं," मी म्हणालो.

साहेब पक्का हिंदीवाला, आमची बोली त्याच्या डोक्यावरून जायची. तो खो खो हसायला लागला. "क्या बोलता है? माँगे पाय? अरे, रेडिओ पैर माँगता है!" आणि बूट घातलेला उजवा पाय जीपबाहेर काढून हलवायला लागला. "ये ले! ले ले!"

मी मागं पाहिलं.

उताराच्या डोक्यावरून मँगनीज भरलेला ट्रक येत होता. आत ड्रायव्हर नाही, इंजिन बंद. मांजरासारखा, आवाज न करता. लांब होता अजून. किती लांब? 'साहेब, पाय आत घ्या' हे मी तीनदा म्हणून वर तंबाखू मळली असती, एवढा लांब. उरकुडाही आरशात पाहत होता. आरशातच आमची नजरानजर झाली.

कोणीच तोंड उघडलं नाही. माझ्या घशात धूळ गेली होती, असं मी पुढं पोलिसांना सांगितलं.

ट्रक जीपच्या रंगालाही न खरचटता गेला. पाय तेवढा गुडघ्याखालून घेऊन गेला. आणि लगेच रेडिओ गायला लागला, एकदम साफ, मोठ्यानं... साहेबाच्या किंकाळ्या त्यात बुडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी डॅशबोर्ड खोलला. एरियलची तार सेटमागं मोकळी लोंबत होती. घाईत मी ती जोडलीच नव्हती! खरखरीपलीकडं त्या डब्यातून काही यायलाच नको होतं. ट्रकच्या चाकाखालचा दगड सरकला, हे समजू शकतं. पण तो आवाज? नागपूरपर्यंतच्या रेडिओवाल्यांना विचारून झालं.

आठवड्यानं आम्ही दोघं साहेबाला पाहायला दवाखान्यात गेलो. तो म्हणाला, "उरकुडा, वो जो बोला था... मतलब क्या था उसका?"

"पीछे देखो, साहब."

साहेबानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम दोनों समझ गए थे? उसी वक्त?"

"हौ," उरकुडा म्हणाला.