बोर्डाच्या कोपऱ्यातलं कुंकू

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्याच्या आईची ही गोष्ट आहे त्या रोशनजवळ तर नाहीच नाही. आता लिहायला बसलो, तर पहिल्या ओळीनंतर दोनदा चहाला उठून आलो. गोष्ट तशी एका कॉम्प्युटरची — तीही गेम खेळायच्या कॉम्प्युटरची. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलाय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. सहा वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आलो.

चंद्रपुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रोशन मोहर्लीचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणतो. तेव्हा तो दुसऱ्याच्या सफारी जिप्सीवर ड्रायव्हर होता. पावसाळ्यात ताडोबाचं गेट बंद झालं की तीन महिने त्याला काम नसायचं, मग तो आणि त्याचे दोन ड्रायव्हर मित्र मिळून ऑनलाइन गेम खेळायचे. त्यांची टीम होती, टीमला वाघाचं नाव होतं — मोहर्लीत दुसरं काय असणार! अडचण एकच होती. ऐन लढाईत रोशनचा स्क्रीन अडकायचा. ग्राफिक्स कार्ड बरं होतं, प्रोसेसर म्हातारा झाला होता. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्डही बदलावा लागणार होता.

पंधरा दिवस रोज त्याचा फोन. हा घेऊ का तो घेऊ? सहा कोअर पुरतील का आठ लागतील? आणि मला — खरं सांगतो — फार मजा येत होती. दुकानात दिवसभर प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढणाऱ्या माणसाला कोणी असं काही विचारतं का? मी भाव खात होतो. प्रोसेसर नव्या पिढीचा ठरवला आणि बोर्ड मुद्दाम आधीच्या पिढीचा, कारण तो मजबूत होता आणि मला तो आवडला होता. रोशन एकदा चाचरत म्हणाला, "भाऊ, त्या बोर्डावर नवा प्रोसेसर डायरेक्ट चालत नाई म्हणतेत. मी मोबाइलवर वाचलो." मी त्याला उडवून लावलं. वाचून कोणी मेकॅनिक होत नाही, असंच काहीसं म्हणालो, आणि फोनवर त्याचे मित्र हसलेले मला ऐकू आले.

त्याचं बरोबर होतं. बोर्डाच्या पोटात बायोस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो जुना असेल तर नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही, आणि पडदा काळाच राहतो. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. आम्ही दोघं नागपूरला सामान घ्यायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारलंसुद्धा — बायोस अपडेट करून देऊ का, अर्धा तास लागेल. रोशनच्या देखत मी म्हणालो, माझं स्वतःचं दुकान आहे, मी करून घेतो. आणि मग विसरलो. साफ विसरलो. रोशनला घाई होती, मलाही होती. दुकानात न थांबता आम्ही तडक मोहर्ली गाठली.

इथवरचं काही मोठं नाही. विसरतो माणूस. पुढचं सांगायला मात्र जीभ जड होते.

रोशनच्या आईला अख्खं गाव कमलबाई म्हणतं. ठेंगणी, हसरी, धानाच्या बांधीत दिवसभर वाकूनही संध्याकाळी चार घरी चक्कर मारणारी बाई. तिच्या हाताला यश आहे, असं मोहर्लीत मानत. कोणाच्याही घरी नवी वस्तू आली — मिक्सर असो, मोटरसायकल असो — की कुंकू लावायला कमलबाई हवी. आणि एक ऑक्टोबरला गेट उघडायचं, त्या पहाटे जिप्सी ओळीने उभ्या असायच्या आणि ती हातात ताट घेऊन एकेका बोनेटला बोट टेकवत जायची. तिचं बोट लागल्याशिवाय कोणी पहिली फेरी करत नसे. ड्रायव्हर सांगायचे, बाईनं लावलं की पहिल्याच फेरीत वाघ दिसते. पहिल्या फेरीत वाघ न दिसलेल्यांचं नाव कोणी काढत नसे, पण ते असू द्या.

तर मी टेबलावर बोर्ड काढून ठेवला होता. रोशन आणि त्याचे मित्र खुर्च्यांना टेकून बघत होते. कमलबाई ताट घेऊन आली. बिचकतच आली, एवढ्या तारांना हात लावायचा कसा म्हणून. "बाबू, इथी कुठी लावू? बिगडन तर नाई ना?" मीच तिला जागा दाखवली. कोपऱ्यात स्क्रूच्या भोकाशेजारी मोकळी जागा होती, तिथे. तिथे लावल्याने काही म्हणजे काही होत नाही. तिने करंगळीच्या टोकाने एक टिकली लावली, इतकी हलकी की कुंकू सांडायचा प्रश्नच नव्हता. मी पाहिलं. हे विसरू नका — मी पाहिलं होतं.

सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा.

पुन्हा दाबलं. काळाच.

त्या क्षणी मला नागपूरचा काउंटर आठवला. कारण काय ते मला तिथल्या तिथे, उभ्या उभ्या कळलं. रोशन अजून पडद्याकडेच बघत होता. पण त्याला आता आठवणारच होतं — मी वाचलं होतं, भाऊ. त्याचे मित्र हसणारच होते. आणि मी, चंद्रपूरचा दुकानदार, विसरलो म्हणायच्या ऐवजी वाकलो, बॅटरी मारून प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमध्ये पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "कुंकू गेलं वाटतं आत."

चार शब्द. कशाला बोललो मी ते? घाबरलो होतो? कोणाला? विशीतल्या तीन पोरांना?

कमलबाईच्या हातात ताट होतं. तिने ते खाली ठेवलं आणि बोट पदराला पुसलं, पुसतच राहिली. रोशन तिच्यावर खेकसला. आईवर आवाज चढवताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा तरी बोलायचं ना? ती टिकली तर कोपऱ्यात जशीच्या तशी होती, सगळ्यांना दिसत होती. पण तिथे कॉम्प्युटर कळणारा एकटा मीच होतो, मी म्हणेन ते खरं होतं. मी म्हणालो, बघतो, दुकानात नेऊन साफ करतो. मोटरसायकलला किक मारली तेव्हा ती मागे आली. "बनन ना, बाबू?" मी म्हणालो, सांगता येत नाही.

दुकानात ड्रॉवरमध्ये एक जुना प्रोसेसर पडला होता. तो बसवून बायोस अपडेट केला, मग नवा बसवला. वीस मिनिटं. पडदा उजळला.

आणि तो बोर्ड मी चार दिवस ठेवून घेतला. लगेच परत दिला असता तर साफ करायला कष्ट पडले असं कोणाला वाटलं असतं? चार दिवस तो शेल्फवर होता, त्या कुंकवासकट. पाचव्या दिवशी मी ते कुंकू पुसलं आणि मोहर्लीला गेलो. एकेक पिन भिंगाखाली साफ केली म्हणून सांगितलं. रोशनने मला मिठी मारली. कमलबाईने गावरान कोंबडी केली, तांदळाच्या भाकरी केल्या, आणि मी जेवत असताना समोर बसून म्हणाली, "माह्यानं वाटोळं झालं होतं बाबू, तू वाचवलं." मी जेवलो. दुसऱ्यांदा रस्साही मागून घेतला.

त्या एक ऑक्टोबरला ती गेटवर गेली नाही. पोरं बोलवायला आली तर म्हणाली, डोकं दुखून राह्यलं. पुढच्या वर्षीही नाही. मग पोरांनी बोलावणं सोडलं. दुसरी एक बाई लावते आता, वाघ दिसायचे तेवढे दिसतात. नवी वस्तू घरात आली की कमलबाई चुलीपाशी जाऊन बसते, हे मला रोशननेच हसत हसत सांगितलं. त्याला वाटतं आई म्हातारी होत चालली. मी काय बोललो असेन? हो, होतं असं या वयात — असं म्हणालो मी.

कितीदा ठरवलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता बोललो तर चार शब्दांपुरतं राहणार नाही. चार दिवस सांगावे लागतील, कोंबडी सांगावी लागेल, एकेक ऑक्टोबर सांगावा लागेल. तिला कळेल, तर ती मला काय म्हणेल? काही म्हणणार नाही, मला माहीत आहे. बहुतेक चहा ठेवेल. त्याचीच मला जास्त भीती वाटते. पण भीती वाटते म्हणून मी काही कमी दोषी ठरत नाही.

मागच्या वर्षी रोशनने स्वतःची जिप्सी घेतली. मला आवर्जून बोलावलं, भाऊ तुम्ही पायजेच म्हणाला. गाडी अंगणात उभी होती, झेंडूची माळ घातलेली. शेजारीपाजारी जमले होते. रोशनने हाक मारली, आई ताट आण. ती ताट घेऊन दारापर्यंत आली, आणि उंबऱ्यात थांबली. पोराची पहिली गाडी. जन्मभर गावाच्या गाड्यांना लावलेलं कुंकू, आणि ही घरची. ती पुढे यायला निघाली असं मला वाटलं — एक पाय उचललेला मी पाहिला. मग तो तिने मागे घेतला आणि ताट माझ्याकडे धरलं.

"तूच लाव बाबू. माह्या हाताचं काही खरं नाई. तुह्या हाताले यश आहे."

आत्ता, मला वाटलं. आत्ता बोल. सगळे होते. रोशन होता.

मी ताट घेतलं. बोट कुंकवात टेकवलं आणि बोनेटला लावलं, मधोमध, ती लावायची तसंच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं, तर ती उंबऱ्याच्या आतच उभी होती, हसत, दोन्ही हात पदरात गुंडाळून.