बंदीच्या दिवशी पाहिलेला बाजार

निशातगंजच्या बाजाराला नवे रूप देण्यासाठी एका ब्रिटिश वास्तुरचनाकाराला बोलावले होते. नगररचनेतही त्याचे नाव मोठे आहे, असे वर्तमानपत्रांना पाठवलेल्या पत्रकात म्हटले होते. पत्रकात त्याच्या पुरस्कारांना दोन परिच्छेद होते, बाजाराला एक ओळ.

सादरीकरणाला मी बातमीदार म्हणून गेलो. शेजारी आमच्या इमारतीतल्या ताई आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या. ताई मूळच्या नागपूरच्या, लग्नानंतर इकडे हिंदी मुलखात आलेल्या. नवरा वारल्यावर त्यांनी याच बाजारात साड्यांना फॉल-पिको करण्याचे दुकान थाटले होते. दोन मोठ्या साडीदुकानांच्या मधली चिंचोळी जागा. गिऱ्हाईक त्या दुकानांतूनच येई. ती जागा राहते की जाते, एवढेच त्यांना ऐकायचे होते.

पडद्यावर फोटो आले. रस्ता रिकामा, शटर खाली. साहेब संथपणे सांगत होते, की हा बाजार शेवटच्या घटका मोजतो आहे, लहान गाळे तर वापरातच नाहीत. ते हटवून झाडे लावली, बाके टाकली की तो जिवंत होईल. पुढच्या चित्रात सडपातळ माणसे कॉफी पीत बसली होती. अधिकारी माना डोलावत होते.

फोटो साप्ताहिक बंदीच्या दिवशी काढलेले होते. पाहुण्यांना गर्दीचा त्रास नको म्हणून अधिकाऱ्यांनीच तो दिवस ठरवला होता. हे ठाऊक नसलेला माणूस सभागृहात एकच होता, आणि आराखडा त्याचाच होता.

ताई उठल्या. मुलीने पदर ओढला. "मम्मी, रहने दो ना. बड़े लोग हैं."

"बड़े हैं तो एक बार खुले दिन भी आ जाते," ताई म्हणाल्या. "वो तीसरा शटर मेरा है, भैया. उस दिन छुट्टी थी. मैं मरी नहीं थी."

हशा पिकला. दुभाष्याने साहेबांच्या कानात काहीतरी छोटेसे सांगितले. साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, अशा आठवणींमुळेच जागेला आत्मा मिळतो. टाळ्या पडल्या. आराखडा मंजूर झाला.

लहान गाळे पाडले. बदल्यात ताईंना शहराबाहेर, बख्शी का तालाबकडे गाळा मिळाला. आजूबाजूला शेते, साडीचे दुकान एकही नाही. मशीन त्यांनी तिकडे नेलेच नाही. निशातगंजला एका साडीवाल्याच्या जिन्याखाली ते मांडून बसतात.

नवा गाळा कसा आहे, असे मी विचारले.

"छान आहे," दातात दोरा तोडत त्या म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना आवडेल. कुणी म्हणून फिरकत नाही तिथं."