डाव्या हातातलं गिरमिट

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा. माझ्या खिशात चौदा हजार रुपये. लातूरच्या बाजारातल्या हत्यारांच्या दुकानात आम्ही तिघं होतो: माझा थोरला भाऊ, वहिनी आणि मी. चौथा दुकानदार.

दादा विष्णुपुरीच्या धरणाकाठी आमची शेती बघतो. मी लातुरात एका डाळमिलचे हिशेब लिहितो. वहिनींचं माहेर लातूरचं, म्हणून भाऊबीजेला दोघं आली होती.

धरणाचं पाणी आमच्या जमिनीच्या मधोमध शिरलेलं आहे. घर अलीकडच्या काठाला, हळदीचं रान पलीकडे. रस्त्यानं जायचं तर पुलाचा मोठा वळसा पडतो. म्हणून होडी. लाकडाची, खालून पत्रा मारलेली. दर पावसाळ्यानंतर दादा ती काठावर उलटी घालायचा, ढिल्या फळ्या काढायचा, गिरमिटानं भोकं पाडून नव्या बसवायचा आणि फटीत डांबर भरायचा. गिरमिटाला दोन हात लागतात. एकानं वरची मूठ दाबायची, दुसऱ्यानं फिरवायचं. आणि त्या दिवाळीच्या आधीच्या उन्हाळ्यात दादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला. हात अर्धाच आला. पेला धरता येतो, शर्टाची गुंडी लावता येत नाही.

होडी तशीच काठावर पालथी पडून राहिली. पलीकडच्या गावातल्या एका मच्छीमारानं ती विकत मागितली आणि दादानं इसार घेऊन टाकला. उरलेले पैसे देऊन कार्तिक पौर्णिमेला तो होडी नेणार होता. हे मला दादानं सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, तेव्हा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "भावजी, होडी गेली की हे घरात बसतेल. एकदा बसले की उठत न्हाईत, मला ठाऊक हाय."

मी दादाला म्हणालो, सुतार लाव, पैसे मी देतो.

"सुतारानं जोडलेल्या होडीत मी बसायचं का सुतारानं?" दादा म्हणाला. "फळी कुठं कच्ची हाय हे मला ठाऊक पाहिजे. पाण्यात मी असतो."

पण बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन मी मिलमध्ये बघितली होती. काठावर विजेचा खांब नाही, त्यामुळे वायरचं काही उपयोगाचं नव्हतं. मी मोबाईलवर वाचून काढलं: व्होल्ट किती, बॅटरी किती वेळ टिकते, वजन किती. आधी ठरवलं की घ्यायचं तर तिन्ही कामांना चालेल असं. होडीच्या फळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा मोडका फाळका, आणि घराच्या मागच्या दाराची बिजागरी. एकाच कंपनीचं घेतलं तर एक बॅटरी ड्रिललाही बसते आणि लोखंड कापायच्या ग्राइंडरलाही. हिशेब पक्का होता. वजनाचा आकडा मी वाचला होता, पण बेरजेत धरला नव्हता.

दुकानदारानं अठरा व्होल्टची मशीन काउंटरवर ठेवली. "काका, डोळे झाकून न्या. भिंतीत बी जाते, लोखंडात बी जाते."

"दादा, बघ हातात घेऊन," मी म्हणालो.

आमच्या घरात नवी वस्तू पहिल्यांदा उजव्या हातात घेतात. नवा विळा असो, नव्या वासराचा दोर असो. कुणी शिकवत नाही, तसंच चालत आलंय. दादानं उजवा हात पुढं केला. मशीन उचलली आणि तिचं तोंड खाली गेलं. वहिनींनी झटकन खालून हात लावला म्हणून ती काचेवर पडली नाही.

"लई जड हाय," दादा म्हणाला. "आन् मला काय करायचीय. होडी तर गेलीच." तो बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिला आणि ऑटो बघू लागला.

दुकानदारानं खालच्या फळीवरून दुसरी काढली. बारा व्होल्टची, निम्म्याच्या आसपास वजनाची. मी म्हणालो, जोर कमी पडेल. तो म्हणाला, "काम कशाचं हाय?"

"लाकूड आणि पत्रा."

"मंग ह्येच लई झालं. धरणाची भिंत फोडायची असल तर तसं सांगा."

"डाव्या हातानं चालते का?" वहिनींनी विचारलं.

"मशीनला काय कळतंय डावा-उजवा, काकू. सुलटी-उलटी फिरवायची ही खटकी दोन्हीकडून दाबते."

वहिनींनी दादाला आत बोलावलं. "डाव्या हातात घ्या."

"नवी वस्तू? डाव्या हातात? तुझ्या माहेरात घेत असतेल."

वहिनी दादाच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि आपला उजवा हात त्याच्या उजव्या दंडाला लावला. पूजेला बसल्यावर नवरा पाणी सोडतो तेव्हा बायको लावते, तसा. तो हात लागला की केलेलं दोघांचं होतं.

"सत्यनारायणाला माझा हात लागला की तुमची पूजा मला पावती ना?" त्या म्हणाल्या. "तसाच आज माझा उजवा तुम्हाला पावला. घ्या आता."

"पूजेला भटजी लागतो."

"भावजी हायेत की. कवाचे आकडे पुटपुटून राहिलेत."

दुकानदार हसला. दादाही हसला, आणि हसता हसता त्यानं डाव्या हातात मशीन घेतली.

दुकानदारानं लाकडाचा एक तुकडा पुढं सरकवला. दादानं टोक टेकवलं आणि बोट दाबलं. मला वाटलं होतं, मशीन म्हणजे एकदम गरकन फिरणार. ती इतकी हळू फिरली की टोकावरच्या वळ्या मोजता आल्या असत्या. बोट जरा दाबलं, जरा जोर. सोडलं की जागच्या जागी थांबली. मी तिचे सगळे आकडे पाठ केले होते, पण बोटाइतकीच चालते हे कुठल्याही आकड्यात आलं नव्हतं.

"हळू बी फिरतंय की," दादा म्हणाला. आवाज लहान झाला होता त्याचा. तुकड्याला आरपार भोक पडलं. त्यानं तो उचलून उजेडाकडे धरला आणि एक डोळा मिटून भोकातून बाजारपेठ बघितली.

ग्राइंडर मी घेतला नाही. तो एका हातानं चालवायचा नसतो, हे दुकानदारानं न विचारता सांगितलं. फाळक्याचं लोखंड गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे कापता येईल, स्क्रू आणि बोल्ट दादा बसवील. दुसरी बॅटरी मात्र घेतली. आमच्या गावात लाईट कधी येईल ते धरता येत नाही. एक कामावर, एक घरी चार्जिंगला.

पौर्णिमेच्या आधी मी सुट्टी काढून गेलो. होडी दगडांवर पालथी होती. वहिनींनी दोन्ही हातांनी फळी आणि वरचा पत्रा दाबून धरला होता आणि दादा गुडघ्यावर बसून डाव्या हातानं भोकं पाडत होता. सवयीनं माझी नजर वायर शोधत मागं गेली. मागं नुसतं गवत होतं, पुढं पाणी. पहिला स्क्रू वाकडा गेला. दादानं खटकी दाबली, तो उलटा फिरवून अलगद बाहेर काढला आणि त्याच भोकात सरळ बसवला. खिळा असता तर फळी फाटली असती.

"जरा खाली धर," तो म्हणायचा.

"खालीच हाय. तुमीच वर चालले."

डांबर भरलं, सुकू दिलं. मग होडी पाण्यात लोटली आणि आम्ही तिघं बसलो. मी सारखा तळाकडे बघत होतो. कोरडा होता. ऐन मधोमध, जिथून दोन्ही काठ सारखेच लांब दिसतात, तिथं बसायची फळी हलली. दादानं वल्हं वहिनींकडे दिलं, पिशवीतून मशीन काढली आणि ढिला स्क्रू कसला. जे पाणी उपसून कालव्यात चढवायला ढीगभर वीज लागते म्हणून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्याच्या छातीवर माझा भाऊ एका मुठीत वीज धरून बसला होता. ना खांब, ना तार. मग त्यानं वल्हं परत घेतलं आणि होडी हळदीच्या रानाला लावली.

पौर्णिमेला मच्छीमार पैसे घेऊन आला. दादानं त्याला काठावर नेलं.

"होडी द्यायची न्हाई," दादा म्हणाला.

"मामा, इसार घेतलाय तुमी."

"हाव. घेतलाय. वापस नेजो."

मच्छीमार खाली बसला. स्क्रूंच्या ओळीवरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. "कुणी केलं हे?"

"आमी दोघांनी."

"मंग इकत कशापायी होते?" तो म्हणाला, आणि वहिनींनी दिलेला चहा पिऊन घेतला.

मशीन, दोन बॅटऱ्या आणि टोकांची पेटी मिळून दुकानदाराला सात हजार दोनशे दिले, ते मी. मच्छीमाराला इसाराचे दोन हजार परत आणि वर एक नारळ, ते दादानं. नारळ वहिनींच्या हातून गेला. नोटा दादानं स्वतः दिल्या, उजव्या हातानं.