पणजोबांचा कोट

दामलेकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी बाहीकडे. पहिल्या भेटीतच माझ्या जॅकेटकडे बघून म्हणाले, "दुसऱ्याचं दिसतंय." खरंच मैत्रिणीचं होतं. असा राग आला मला! ओळख ना पाळख, आणि हा आगाऊपणा.

सिंगापूरला, बुकित पंजांगमध्ये, आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर ते रोज संध्याकाळी एकटे बसलेले असायचे. बायको गेल्यावर सांगलीचं घर बंद करून मुलाकडे, अमितकडे, आले होते. घरी मुलगा-सून फोनवर, आणि नात "लेटर ला, आजोबा", म्हणजे नंतर, असं म्हणून खोलीत. दिवसभरात आपल्याशी सगळ्यात जास्त लिफ्ट बोलते, असं ते म्हणायचे. हसून म्हणायचे, पण ऐकवत नसे.

मांडीवर कायम प्लास्टिकची फाइल. तिच्यात एकोणिसाव्या शतकातल्या विद्यार्थ्यांचे फोटो. कॉलेजात नाव घातलं की पोरं स्टुडिओत जाऊन फोटो काढायची, गावी पाठवायला. पगडी, कोट, हातात जाडजूड पुस्तक, आणि खाली कित्येकांचे पाय अनवाणी. "चेहरा कुणीही सांभाळतं गं. बाहीला ते जमत नाही," काका भिंग पुढे करत म्हणायचे.

एकदा त्यांनी दोन फोटो शेजारी ठेवले. एक त्यांच्या पणजोबांचा, दुसरा त्याच स्टुडिओतल्या कुणा अनोळखी मुलाचा. दोघांच्याही कोटाच्या डाव्या खिशावर तेच रफू! पणजोबांची बाही तर पार बोटांपर्यंत आलेली. कोट स्टुडिओचा होता. पणजोबा वार लावून जेवणारे, रोज वेगळ्या घरी. काकांचे डोळे भरून आले. "सात घरचं खाऊन शिकला गं हा. कोट दुसऱ्याचा, पण डोकं स्वतःचं." घरात हे कुणाला तरी सांगायची त्यांना फार इच्छा होती.

अमितने तोच फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला होता. गणपतीला त्याच्याकडे आम्ही ऑफिसातले सगळे जमलो, तेव्हा तो पाहुण्यांना पणजोबांचा विलायती कोट आणि पिढीजात श्रीमंती सांगत होता. काका आतून आले आणि शांतपणे म्हणाले, "तो कोट त्यांचा नव्हता रे. ते वार लावून जेवायचे." अमित कसनुसा हसला, बाबांचं वय झालंय म्हणाला. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"हिला दाखवलंय मी. विचार हिला."

अमित माझा मॅनेजर. माझ्या पासच्या, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याच्या, रिन्यूअलचे कागद त्या आठवड्यात त्याच्याच टेबलावर होते. "मला नाही आठवत, काका," मी म्हटलं आणि ताटातला मोदक फोडायला घेतला. लाज वाटते आजही.

त्यानंतर काका खाली बसायला आले नाहीत. दोन महिन्यांनी ते कायमचे सांगलीला निघाले. तिकडे त्यांना बरं वाटेल, असं अमित म्हणाला. तिकडे तरी कोण होतं त्यांचं? मी निरोप घ्यायला गेले, तर त्यांनी मला चहा करून दिला, लिफ्टपर्यंत सोडायला आले. मी कशीबशी सुरुवात केली, "काका, त्या दिवशी मी..."

"पास झाला ना गं तुझा?" त्यांनी मधेच विचारलं.

मी मान हलवली.

"बरं झालं. मला तीच काळजी लागली होती."